पात्रांचे बारसे

(द्वितीय वर्ष कला)

कादंबरीचा अभ्यास करताना आपण कथानक, वातावरण, संवाद, भाषाशैली अशा मथळ्यांखाली टिपणे काढतो. 'व्यक्तिचित्रण' या मथळ्याखाली पात्राचा स्वभाव लिहितो. परंतु त्या पात्राला तेच नाव का मिळाले, दुसरे का मिळाले नाही, हा प्रश्न परीक्षेत येत नाही म्हणून आपणही तो कधी विचारत नाही. वास्तविक वाचकाच्या कानावर पात्राची पहिली ओळख पडते ती नावाचीच. घरात मूल जन्मले की बाराव्या दिवशी बारसे होते, आत्या पाळण्याशी वाकून मुलाच्या कानात नाव सांगते. ते नाव ठरवताना आजोबांचे नाव, कुलदैवत, पत्रिकेतले अक्षर, शेजारपाजारच्यांचे मत अशा दहा गोष्टी पाहिल्या जातात. कथेतल्या माणसाचे बारसे मात्र लेखक एकटाच करतो. आत्याही तोच आणि भटजीही तोच. हे काम आपल्या मराठी लेखकांनी कसे केले, आणि आपल्यासारख्या नवशिक्यांनी ते कसे करावे, याचा थोडा विचार या लेखात करायचा आहे.

जुना दंडक

नावांचा नियम आपल्याकडे फार जुना आहे. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पण' या ग्रंथात नाटकातील पात्रांना कशी नावे द्यावीत हे सांगितलेले आहे. गणिकेच्या नावाच्या शेवटी 'दत्ता', 'सिद्धा' किंवा 'सेना' असावे, व्यापाऱ्याच्या नावात बहुधा 'दत्त' असावे, आणि दासदासींना वसंतादी ऋतूंच्या वर्णनात येणाऱ्या वस्तूंची नावे द्यावीत, असा तो दंडक आहे. त्याच्या कितीतरी आधीच्या शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात गणिका वसंतसेना आहे आणि व्यापार करणाऱ्या घराण्यातला नायक चारुदत्त आहे. म्हणजे रूढी आधीपासून होती, शास्त्रकाराने ती नंतर लिहून ठेवली. नाव ऐकताच पात्र कोणत्या थरातले हे प्रेक्षकाला कळावे, ही त्यातली सोय.

असाच एक नियम जिवंत माणसांसाठीही होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे असे सांगितले आहे. नाटकातल्या नियमाने फार तर नाटक साचेबंद होईल. हा दुसरा नियम माणसाच्या जन्माला चिकटतो. आमच्या भागात धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू अशी नावे साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांत अजून भेटतात. मात्र ती सगळीच या नियमातून आली असे म्हणता येणार नाही. माझ्या आजीचे नाव दगडावरून ठेवलेले आहे. तिच्या आधीची दोन भावंडे जगली नव्हती. दगडाला कोण नेणार, या समजुतीने पणजीने ते नाव ठेवले. वरच्यांनी लादलेले नाव आणि काळाची नजर चुकवण्यासाठी आईने ठेवलेले नाव ही दोन्ही ऐकायला सारखीच असतात. कथा लिहिणाराला त्यांतला फरक ठाऊक पाहिजे, नाहीतर माझ्या पणजीची काळजी त्याला अडाणीपणा वाटेल.

गुणावरून नाव देण्याची जुनी पद्धत मराठी रंगभूमीवरही चालत आली. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशासाठी मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेल्या बापाचे नाव त्यांनी कांचनभट ठेवले, आणि त्या म्हाताऱ्याचे भुजंगनाथ. कांचन म्हणजे सोने आणि भुजंग म्हणजे साप, हे न शिकलेल्या प्रेक्षकालाही समजत होते. नाटकाला वेळ थोडा असतो. पात्र आत येते आणि लगेच ओळखावे लागते, म्हणून अशी नावे तिथे खपून जातात. कादंबरी-कथेत मात्र अशा नावाने पात्राचे भवितव्य आधीच फुटते. पहिल्या पानावर जो 'दुर्जनसिंग' म्हणून आला, तो शेवटच्या पानापर्यंत दुसरे काय करणार?

मुक्तामालेकडून यमूकडे

मराठी कादंबरीच्या आरंभी नावांचे दोन प्रवाह दिसतात. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' १८५७ सालची. विधवांच्या दुःस्थितीविषयी लिहायचे असल्यामुळे त्यांनी नायिकेला त्या काळी घरोघर आढळणारे यमुना हे नाव दिले. पुढे १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि नंतर रिसबुडांची 'मंजुघोषा'. मुक्तामाला किंवा मंजुघोषा या नावाच्या मुली त्या काळच्या कोणत्या वाड्यात पाणी भरत असतील? ही नावेच वाचकाला सांगतात की आता आपण घर सोडून अद्भुताच्या मुलखात चाललो आहोत.

हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे पत्र काढले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमशः छापण्यास सुरुवात केली. त्यांच्यापुढे दोन्ही वाटा होत्या. त्यांनी आपल्या नायिकेला यमू हे नाव दिले. हा निर्णय किती अचूक होता हे त्या काळच्या खऱ्या स्त्रियांकडे पाहिले म्हणजे पटते. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांचेही माहेरचे नाव यमुनाच. एक १८६५ साली जन्मलेली, दुसरी १८६२ साली. हरिभाऊंनी यमूची कहाणी लिहिली तेव्हा त्यांच्या वाचकांपैकी कितीतरी जणांच्या घरात बहीण, भावजय किंवा मुलगी या नावाची असली पाहिजे. 'मुक्तामाले'चे दुःख वाचकाने गोष्ट म्हणून वाचले असेल, परंतु यमूचे दुःख वाचताना त्याला स्वयंपाकघराकडे मान वळवून पाहावे लागले असेल. कादंबरी वास्तववादी झाली असे आपण परीक्षेत लिहितो, त्यातला एक मोठा वाटा या दोन अक्षरी नावाचा आहे असे माझे मत आहे.

गावाकडची हाक

मी माणदेशातली, त्यामुळे व्यंकटेश माडगूळकर वाचताना मला नावांची विशेष गंमत वाटते. 'माणदेशी माणसं' (१९४९) या पुस्तकातली शीर्षके पाहा: धर्मा रामोशी, शिवा माळी, रामा मैलकुली, मुलाण्याचा बकस, झेल्या. यांत एकही पूर्ण नाव नाही. पहिल्या नावानंतर कुठे जात येते, कुठे काम येते, तर कुठे माणूस बापावरून ओळखला जातो. झेल्याला तर तेवढेही नाही. गावात माणसाला ओळखण्याची खरी रीत हीच आहे, आणि लेखकाने ती जशीच्या तशी उचलली. 'बनगरवाडी'त (१९५५) शाळेवर आलेल्या तरुण शिक्षकाचे नाव राजाराम, पण वाडीला तो 'मास्तर'च, आणि वाडीचा प्रमुख हा 'कारभारी'. नावापेक्षा काम मोठे, हा वाडीचा हिशेब त्या दोन हाकांतून कळतो.

पु. ल. देशपांड्यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तली (१९६२) नावे याच दृष्टीने पाहिली. सखाराम गटणे, अंतू बर्वा, नाथा कामत, चितळे मास्तर यांच्या नावापुढे आडनाव आहे. हरितात्यांना नात्याचा मान आहे. नामूच्या पुढे मात्र 'परीट' आहे. हा लेखकाचा दोष नव्हे. चाळीत आणि गावात त्याला तसेच म्हणत होते. परंतु माझ्यासारख्या मुलीचे डोळे अशा ठिकाणी थांबतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील वीटभट्टीवर काम करतात. पणजोबांना गावात कुणी आडनावाने हाक मारली असेल असे वाटत नाही. आडनाव आमच्या घरात आले ते शाळेच्या दाखल्याबरोबर. तेव्हा कथेत कुणाला पूर्ण नाव मिळते, कुणाला अर्धे मिळते आणि कुणाला नुसती हाक मिळते, याची मी आता नोंद ठेवू लागले आहे. आपल्या वाचनात तुम्हीही ती ठेवून पाहा.

आडनावाचे दुसरेही एक अंग आहे. शहरात खोली बघायला गेले की आधी नाव विचारतात, आणि नाव सांगितले की 'पूर्ण नाव सांग' असे म्हणतात. त्या प्रश्नाचा अर्थ मला आणि विचारणाराला दोघांनाही कळतो. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत जात लपवून राहणाऱ्या माणसाची जी कुचंबणा आहे, तिचे मूळ याच प्रश्नात आहे. म्हणून पात्राला आडनाव दिले की लेखक त्याची जात सांगतो, न दिले तर लपवतो. मधली वाट म्हणून पुष्कळ जण गावाच्या नावाला 'कर' जोडतात. त्याने गाव कळते, जात सहसा कळत नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'चा (१९६३) नायक पांडुरंग सांगवीकर आहे, आणि खानदेशातले सांगवी हे स्वतः लेखकाचे गाव. त्यांच्या पुढच्या कादंबऱ्यांतला नायक चांगदेव पाटील. चांगदेव हे संताचे नाव आहे, तसेच तापी-पूर्णेच्या संगमावरच्या क्षेत्राचेही आहे. 'हिंदू'चा (२०१०) नायक खंडेराव. पांडुरंग, चांगदेव, खंडेराव ही तिन्ही नावे वारी, मठ आणि जत्रा यांतून आलेली आहेत. शहरात शिकायला गेलेल्या या तरुणांच्या नावातच त्यांचा गाव बरोबर येतो, तो त्यांना वसतिगृहाच्या खोलीतही सोडत नाही.

याच सुमारास दोन लेखकांनी फार धीट निवड केली. अण्णाभाऊ साठे यांनी १९५९ सालच्या कादंबरीच्या नायकाला आणि कादंबरीलाही 'फकिरा' हे नाव राहू दिले. पराक्रमी नायक म्हटल्यावर एखादे शौर्यवाचक नाव शोधण्याचा मोह कुणालाही झाला असता. उद्धव शेळके यांनी 'धग'च्या (१९६०) नायिकेला वऱ्हाडातले कौतिक हे नाव दिले. पुण्यामुंबईच्या वाचकाला ते अपरिचित वाटेल म्हणून त्यांनी ते बदलले नाही. आज आपण फकिरा म्हटले की वीर पुरुष आठवतो आणि कौतिक म्हटले की संसारासाठी झिजलेली बाई आठवते. नावात तो अर्थ आधी नव्हता. लेखनाने तो तिथे भरला. भारदस्त नाव शोधत बसण्यापेक्षा साध्या नावाला भारदस्त करणे हेच लेखकाचे काम, असा धडा मी यातून घेतला.

बायकांची दोन नावे

स्त्रीपात्राला नाव देताना मराठी लेखकाला एक जादा प्रश्न सोडवावा लागतो. आपल्याकडे कितीतरी घरांत लग्नात मुलीचे नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यावर बोटाने नवे नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून वीस वर्षांची हाक बंद होते. वर सांगितलेल्या दोन्ही यमुना अशाच आनंदी आणि रमा झाल्या. म्हणून कथेतली बाई विवाहित असेल तर तिची दोन्ही नावे लेखकाला माहीत असली पाहिजेत, मग कथेत एकच येवो.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकात या गोष्टीचा फार सूक्ष्म उपयोग झालेला दिसतो. अविवाहित शिक्षिका लीला बेणारे हिला स्वतःचे नाव आणि स्वतःचे आडनाव आहे. तिच्यावर खटला चालवणाऱ्या मंडळींतल्या विवाहित बाई मात्र 'मिसेस काशीकर' एवढ्याच आहेत, त्यांचे नाव आपल्याला आठवत नाही कारण नाटकात ते महत्त्वाचेच नाही. काशीकर दांपत्याने वाढवलेला रोकडे वयाने मोठा झाला तरी 'बाळू' म्हणूनच राबतो. आणि ज्याच्यामुळे सारे घडले तो प्राध्यापक दामले रंगमंचावर येतही नाही, नुसते आडनाव होऊन सुरक्षित राहतो. कोण कुणाच्या ताब्यात आहे आणि कोण सुटला आहे, हे नुसती पात्रांची यादी वाचली तरी ध्यानात येते.

कागदावरची रीतही बदलत असते, तीही लिहिणाराने लक्षात ठेवावी. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे सरकारी कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहावीत, असे महाराष्ट्र शासनाने ठरवले आहे. पुढे कधी त्या पिढीची कथा लिहिली जाईल तेव्हा आईचे नाव पात्राच्या नावातच असेल. आमच्या पिढीच्या कथेत ते मुद्दाम सांगावे लागते.

नाव बदनामही होते

कथेतून बाहेर पडलेले नाव परत समाजात शिरते, हा भाग सहसा ध्यानात घेतला जात नाही. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' त्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातला दारुडा तळीराम इतका गाजला की आज 'तळीराम' हे कुणा एकाचे नाव राहिलेले नाही. वर्तमानपत्रांत पकडलेल्या मद्यप्यांना सर्रास तळीराम म्हणतात. दादा कोंडके यांचा 'पांडू हवालदार' हा चित्रपट १९७५ सालचा. त्यानंतर रस्त्यावरच्या साध्या शिपायाला थट्टेने 'पांडू' म्हणतात. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत तर घरगड्याला त्याचे नाव काहीही असो, 'रामा' म्हणण्याची चाल होती.

तेच पांडुरंग हे नाव दुसऱ्या हातात कसे जाते तेही पाहा. साने गुरुजींचे नाव पांडुरंग आणि त्यांच्या आईचे नाव यशोदा. 'श्यामची आई' (१९३५) लिहिताना पांडुरंगाचा श्याम झाला. यशोदेचा मुलगा श्याम, हे नाते प्रत्येक मराठी घराला ओव्या-गवळणींतून आधीच माहीत होते. लेखकाने ठरवून केले असो वा सहज झाले असो, त्या नावामुळे एका घरातली आई सगळ्यांची झाली.

यातून आपल्याला घेण्यासारखे काय? विनोदी एकांकिकांत मोलकरीण आली की सखूबाई किंवा गंगूबाई, खेडूत आला की गणप्या, असे आपण डोळे मिटून लिहितो. स्नेहसंमेलनात हशा मिळतो. पण प्रेक्षकांत त्याच नावाच्या आयांची मुले बसलेली असतात. मी त्या नावांवर बंदी घाला असे म्हणत नाही. नाव तेच ठेवा, पण त्या बाईला नाटकात नावाखेरीज दुसरेही काही द्या, एवढेच म्हणणे आहे.

नाव कुठे शोधावे

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. समजा, आपल्या कथेत पंचावन्न वर्षांची एक अंगणवाडी मदतनीस आहे. तिला काय नाव द्यावे?

पहिली गोष्ट, तिचे जन्मसाल काढा. ती १९७० च्या आसपास जन्मली. त्या काळच्या नावांसाठी कल्पना लढवण्याची गरज नाही. घरातल्या मांडणीवरची भांडी खाली काढा. आहेरात आलेल्या ताटावर, तांब्यावर, परातीवर देणाराचे नाव आणि पुष्कळदा तारीखही कोरलेली असते. आमच्या गल्लीतली भांडी मी चार रविवार पाहत होते. तांब्यापितळेच्या जुन्या भांड्यांवर रखमाबाई, तानुबाई, कोंडाबाई, हौसाबाई आहेत. स्टीलच्या सुरुवातीच्या भांड्यांवर कमल, विमल, सुमन, मंगल, शोभा दिसतात. मग सुनीता, संगीता, अनिता येतात, आणि अलीकडच्या डब्यांवर पूजा, प्रियांका, अश्विनी. नावांचा असा इतिहास मला एकाही पुस्तकात इतका सोपा करून मिळाला नाही. यात्रेच्या वर्गणीची पावती-पुस्तके, जुन्या लग्नपत्रिका, देवळाच्या पायऱ्यांवर कोरलेली नावे याही अशाच खाणी आहेत. लग्नपत्रिकेचा विशेष फायदा असा की एका कुटुंबातल्या तीन पिढ्या एकाच कागदावर सापडतात.

दुसरी गोष्ट, ते नाव कोणी ठेवले ते ठरवा. नवसाने झालेली, तीन मुलींवर झालेली, दुष्काळात झालेली, आजी वारली त्याच वर्षी झालेली, या सगळ्या मुलींची नावे निरनिराळी असतील. ठेवणाराचा हेतू कथेत लिहिलाच पाहिजे असे नाही, पण लिहिणाराला तो माहीत असला म्हणजे पात्राच्या आईबापांविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिला कोण काय हाक मारते, याची यादी करा. मराठीत एका नावाची किती रूपे होतात! पांडुरंगचा आईजवळ पांडू, मित्रांत पांड्या, भावकीत पांडबा, आणि सोसायटीच्या निवडणुकीत पांडुरंगराव. माणूस एकच, परंतु प्रत्येक रूपाबरोबर बोलणारा बदलतो. आपल्या मदतनीस बाईचे माहेरचे नाव हौसा ठेवू, सासरचे मंगल. कागदोपत्री ती मंगल, अंगणवाडीतल्या पोरांची 'मावशी', सासूची 'मंगले', आणि हजेरीपत्रक तपासायला आलेल्या साहेबांची 'ओ बाई'. अशा कथेत तिसऱ्या पानावर दारातून कुणी 'हौसे' अशी हाक मारली, की माहेरचे माणूस आले हे वाचकाला न सांगता कळते. इतक्या वर्षांनी ते नाव ऐकून ती कशी उभी राहिली असेल, हे आपल्याला एका वाक्यात लिहिता येते. पाल्हाळाची सारी पाने वाचतात.

चौथी गोष्ट अगदी व्यवहारी आहे. एकाच कथेत सुमन, सुनंदा आणि सुनीता ठेवू नयेत, वाचक गोंधळतो. पहिले अक्षर आणि नावाची लांबी वेगळी असावी. नाव मोठ्याने उच्चारून पाहावे, अंगणातून शेतापर्यंत हाक मारता येते का पाहावे. खऱ्या नावांना हाकेची कसोटी लागलेली असते, कागदावर जुळवलेली नावे बहुधा तिथेच अडखळतात.

पाचवी गोष्ट, गावातल्या खऱ्या माणसाची गोष्ट घेतली तर त्याचे नाव घेऊ नये. नाव एकाचे, आडनाव दुसऱ्या गावचे, असे करावे. आपण कथा लिहून शहरात राहणार, त्या माणसाला त्याच पारावर बसायचे असते.

शेवटचा प्रश्न

एवढे सारे झाल्यावरही एक प्रश्न उरतो, आणि त्यावर आपल्या सर्वांचे मत मला हवे आहे. आमच्या सातारा जिल्ह्यात मुलगा हवा असताना मुलगी झाली की तिचे नाव 'नकुशी' किंवा 'नकुसा' ठेवण्याची रीत होती. २०११ साली जिल्ह्यात अशा मुली शोधून अडीचशेहून अधिक जणींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. शाळेच्या रजिस्टरात ती नावे बदलली, फार चांगले झाले. पण कथेत काय करायचे? नकुशी हे नाव तसेच लिहावे, तर ज्या बाईने ते आयुष्यभर सोसले तिच्यावर आपणही पुन्हा तेच मारतो. बदलून 'ऐश्वर्या' लिहावे, तर जिने ते नाव ठेवले त्या घराचा, त्या काळाचा गुन्हा आपण झाकतो.

माझे उत्तर असे आहे. निवेदकाने तिला तिने स्वतः पसंत केलेल्या नावाने ओळखावे, मग ते मैत्रिणींनी दिलेले असो, धाकट्या भावाने बोबड्या बोलात पाडलेले असो, नाहीतर तिने आपल्या मनाने घेतलेले असो. आणि 'नकुशी' हा शब्द कथेत जे तो उच्चारतात त्यांच्याच तोंडी ठेवावा. म्हणजे नावाचा डाग ज्याचा त्याच्याकडे राहील. आपल्यापैकी कुणाला याहून चांगली वाट दिसत असेल तर वाङ्मय मंडळाच्या बैठकीत ती अवश्य मांडावी.

तोपर्यंत एक काम आपण सगळे करू शकतो. आपल्या महाविद्यालयात वाड्यावस्त्यांवरून, तांड्यांवरून, पालांवरून मुले येतात. प्रत्येकाच्या घरात आजी-आजोबांच्या पिढीची अशी नावे आहेत जी आता पुन्हा कुणी ठेवणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर त्यांतली दहा नावे, ती कोणी ठेवली, का ठेवली आणि घरात हाक काय मारतात, एवढे वहीत उतरवून आणावे. मंडळाच्या कपाटात त्यासाठी एक दोनशे पानी वही मी ठेवली आहे. पहिल्या पानावर माझ्या आजीचे नाव आणि त्यामागची हकीकत लिहिलेली आहे. दुसरे पान कोरे आहे.